कमलबाईने न लावलेला पाय

"कमलबाईच्या पायाला गुण आहे," असे आळीतली माणसे म्हणत, आणि "तोंडाला काटे," हेही लगेच जोडत. चोपड्याजवळच्या त्या गावात पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली, अशी ती एकटीच. कुणाची मान धरली, पाठीत उसण भरली, की माणूस तिच्या ओसरीवर पालथा पडे. ती दुखऱ्या जागी हलकेच पाय टेकवी आणि वर सुनावी, "उशीवर उशी रचीसन मोबाईल पाहस, मग मान धरी नही तं काय व्हई?"

प्रेमराज बायकोला, रूपाला, घेऊन गेला तो याच भरवशावर. कापसाची वेचणी भरात होती. रूपाने आठवडाभर गाठोडी डोक्यावरून वाहिली होती. त्यामुळे मान का आखडली, हे शोधायला कुणी बसलेच नाही. ताप उन्हाचा, डोकेदुखी ओझ्याची, असे सासूने ठरवून टाकले होते.

रूपा आडवी होणार, तोच कमलबाईने तिच्या कपाळाला हात लावला. "हनुवटी छातीले लाव, बाई." रूपाला ते जमेना. दारातला उजेडही सोसेना. तिने पदर डोळ्यांवर ओढला.

"मी पाय लावत नही. हिले दवाखानामा लई जाय, आतेच."

"बठ्ठा गावले पाय लावस, आमलेच नही?" प्रेमराज भडकला. "एवढा भाव वाढना का, अक्का?"

"वाढना. रिक्षा बलाव."

तो तणतणतच रूपाला घेऊन गेला. जळगावच्या डॉक्टरांनी मात्र शांतपणे समजावले. वेडेवाकडे झोपणे, ओझे, मणक्यांची झीज, मान आखडण्याची साधी कारणे पुष्कळ; पण ताप, असह्य डोकेदुखी आणि पुढे न वाकणारी मान एकत्र आली, की मेंदूच्या आवरणाला सूज आहे का, हे आधी पाहावे लागते. कण्यातून पाणी काढून तपासले. तोच आजार निघाला. औषधे तत्काळ सुरू झाली. "शेक-मालिश करीत घरी बसला असतात, तर ही हाती लागली नसती," ते म्हणाले.

रूपा बरी होऊन परतली, त्याच संध्याकाळी प्रेमराज लुगडे-नारळ घेऊन कमलबाईच्या ओसरीवर गेला. त्याने वाकून तिच्या पायांवर डोके ठेवले.

"अक्का, डॉक्टरनाआधी तू आजार वळखा. तुना उपकार फिटावत नही."

कमलबाईने पाय ओढून घेतले.

"आजार कोन वळखस! तिना आंगले हात लावा, अन् माले भेव वाटनं. तिना नवरा तू शेस. भ्यायाले तुले पाहिजे व्हतं."