कमिट मेसेजमधली एक ओळ

ऑफिसातला सामायिक कोड दोन रिपॉझिटरींत, म्हणजे कोडच्या दोन वेगळ्या साठ्यांत, विभागताना प्रत्येक बदलाचा कमिट मेसेज, म्हणजे काय बदललं ते सांगणारी ओळ, मी नव्याने लिहीत होते. सहा वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर थबकले: "वंदनाची चूक सुधारली."

वंदना म्हणजे मी; लिहिणारा समीर, आमचा टीमप्रमुख. चूक त्याची होती, सुधारली होती मी. त्या ओळीने माझी बढती गेली. माणसं विसरून जातात, लिहिलेलं मात्र तिथेच बसून राहतं.

"पुसून टाक ना," शेजारची रेश्मा म्हणाली.

"पुसू कशाला?" मी लिहिलं: "समीरची चूक वंदनाने सुधारली."

अशा बदलांना मंजुरी समीरचीच लागायची. दुपारी त्याने ती ओळ तशीच मंजूर केली. मला फार बरं वाटलं, आणि तसं बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.