मोठ्या बाहुलीवर आळ

मैत्रिणींनो, आत्ताच घडलेलं लिहिते.

माझ्या कपाटातल्या वीतभर बाहुल्यांना शेजारच्या नंदाने संक्रांतीला हौसेने कुंकू लावलं होतं. आज तीच नंदा तणतणत घरात शिरली. नातीला ताप आलाय, आणि दोष खुर्चीतल्या माझ्या मोठ्या बाहुलीचा.

"मॅडम, इले आजच पवनारले नेऊन नदीत सोडा. लेकराएवढी हाय, रोखून पाहून राह्यली."

"लहान बाहुल्यांचे डोळेही असेच आहेत."

"त्या लहान हायेत ना."

तिने बाहुलीचा एक हात ओढला, मी दुसरा धरला.

"ऑटो मी बोलावते, पण नदीचा नाही, दवाखान्याचा."

नंदा नातीला घेऊन गेली खरी, पण जाताना बाहुलीच्या तोंडावर टॉवेल टाकून गेली.

बाहुली किती उंच झाली की भूत होते, सांगाल का?