विद्यापीठांची वाटणी

आमच्या कॉलेजात एक नियम सगळ्यांना तोंडपाठ होता: अमेरिकेतलं विद्यापीठ एका कॉलेजातून एकालाच पैसे देतं. हा नियम कुणी केला, कुठे छापला होता, काही पत्ता नाही. तिथे गेल्यावर माझ्याच वर्गात पुण्याच्या एकाच कॉलेजचे दोघे निघाले, दोघांनाही स्कॉलरशिप, तेव्हा मी त्या नियमाच्या जन्मदात्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला विचारायचं कुणाला? म्हणून माझ्या मैत्रिणीने आणि मी, एकमेकींच्या आड येऊ नये यासाठी, विद्यापीठं चक्क वाटून घेतली.

मी ठाण्याची, वर्तकनगरची. ती कोपरची. इंजिनीअरिंगची सगळी वर्षं आम्ही एका बाकावर काढलेली. वाटणी तिच्या घरी, ओटीवर बसून झाली. तिचे लोक मूळचे आगरी शेतकरी. "आमच्यात वाटणीला बसले की डोकी फुटतात," ती म्हणाली, "आपण जरा शहाण्यासारखं करू." बर्फाची तुला, उन्हाची मला, असं हसतखेळत सगळं झालं, पण एक विद्यापीठ उरलं. आम्हाला हवा तो विषय तिथेच सगळ्यात चांगला शिकवत, आणि पैसे देण्यात त्याचा हात सैल, अशी ख्याती होती. ते सोडायला दोघीही तयार नव्हतो. शेवटी तिनेच रुपया काढून उडवला. मी जिंकले. तिचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते.

अर्ज गेले आणि थोड्याच दिवसांत तिला कल्याणकडचं एक स्थळ आलं. तिच्या वडिलांकडे पैसा नव्हता असं नाही, जमीन नुकतीच विकलेली. पण त्यांचा हिशेबच निराळा होता. "आपलं पैशे देऊन कशाला जायाचं? तू त्यांना हवी असशील तर तेच देतील. अक्षय तृतीयेपर्यंत वाट बघतो, नायतर पोराकडच्यांना हो सांगतो."

त्या दिवसापासून आम्हा दोघींना पोस्टमनची धास्ती बसली. तिला एकामागून एक प्रवेश मिळत गेले. पत्राच्या शेवटी दरवेळी तेच: पैसे देता येत नाहीत, क्षमस्व. मग माझं पत्र आलं, रुपयावर जिंकलेल्या त्याच विद्यापीठाचं, पैशांसकट. मी तिला सांगितलं तेव्हा तिने मला घट्ट मिठी मारली. मला आनंद झालेला, खूप झालेला, आणि त्या मिठीत तो लपवायला जागा सापडत नव्हती.

अक्षय तृतीया तोंडावर आली. तिची यायची सगळी पत्रं येऊन गेलेली. एका दुपारी दार वाजलं, बाहेर तिची आई. एकटीच. माझ्या आईने चहा ठेवला, त्याला तिने हात लावला नाही.

"तुजे आईबाप शिकलेले," ती मला म्हणाली. "तू पुढच्या वरसाला जाशील. आमचे पोरीला पुढचं वरीस नाय. तुजी जागा तिला दे गो बाय."

"मावशी, तसं नाही करता येत. ती माझ्या नावावर आहे."

"जमीन पन नावावरच असते. सह्या केल्या का होते दुसऱ्याची."

मी समजावत राहिले. ती ऐकत होती, पण विश्वास ठेवत नव्हती. तिच्या लेखी मी मोडता घालत होते. मला तिचा राग आला, माझ्या गप्प बसलेल्या आईचा आला, आणि त्या मेल्या रुपयाचा सगळ्यात जास्त. "तिला बोलावून विचारा हवं तर," मी जवळजवळ ओरडलेच.

बोलवायची गरज पडली नाही. आपली आई घरात नाही हे बघून मैत्रिणीने काय ते ओळखलं असावं. जिने चढून धापा टाकत ती दारात उभी राहिली.

"आई, ऊठ."

आई उठली. माझ्याकडे न बघता पदर सावरत जिन्याकडे गेली. मैत्रीण दारातच थांबली.

"सॉरी गं. तिला शंभरदा सांगितलेलं, असं नसतं म्हणून."

"असू दे."

ती निघाली, पुन्हा वळली. आवाज खाली आणून तिने विचारलं, "देता आली असती तर दिली असतीस?"

मी तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं. इतकं साधं, एका अक्षराचं उत्तर, आणि ते खोटं ठरवायलाही कुणी येणार नव्हतं. तरी ते बाहेर येईना.

"नको बोलूस," ती म्हणाली. "मी पण नसती दिली."

आणि आईला हात द्यायला ती भराभर जिना उतरून गेली.