पडद्यावरची थप्पड

मैत्रिणींनो, तुम्हालाच विचारते.

दुपारी टीव्हीवर एक जुना सिनेमा लागला होता. त्यातली नटी आमच्या नेवाशाचीच लेक. तिचे सगळे सिनेमे तिचा नवराच काढायचा.

बहात्तर साली ती माहेरी आली तेव्हा तंबूत हाच सिनेमा होता. बायकांच्या बाजूला ती तोंडावर पदर घेऊन माझ्याशेजारी बसली. पडद्यावर तिला थप्पड बसायच्या आधीच तिने दोन्ही हात तोंडापुढे धरले. पुरुषांकडून शिट्ट्या वाजल्या.

मी म्हटलं, "मावशी, खोटं हाय ते."

"हितलं खोटं हाय, बाळा."

ती नवऱ्याकडे परत गेली. पुन्हा तिचा सिनेमा आलाच नाही.

आज त्याच थपडेला माझ्या सुनेने तस्सेच हात धरले.

मुलगा यायची वेळ झालीय. मी आतून कडी लावलीय. उघडू का?