कच्च्या टेपचा मालक

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, साठच्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या पूर्वेकडील आमच्या सरकारी कारखान्यात संगणक आला आणि त्याच दारातून अक्कल बाहेर पडली.

संगणक थंडगार खोलीत राही. आम्ही चपला बाहेर काढून आत जायचो. त्याचे मुख्य पुजारी म्हणजे आमचे विभागप्रमुख: मूळचे पुण्याचे, गळ्यात कायम टाय, आणि चूक कायम समोरच्याची. मी त्यांच्या हाताखाली नवा, अजून नोकरीत कायम न झालेला. भोकं पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातला माझा प्रोग्राम शनिवारी सुरळीत चालला होता. सोमवारी तो मधेच थांबला. मंगळवारी पुन्हा तिथंच.

"तुमच्या कार्डांत घोळ आहे," साहेबांनी निकाल दिला. "शुक्रवारपर्यंत चालला नाही, तर तुम्ही व्हाइटफील्डच्या गोदामात नटबोल्ट मोजायला."

"साहेब, कार्डं शनिवारचीच आहेत."

"मग त्यांना दमट हवा लागली असेल!"

हे ते बंगळूरच्या खडखडीत मार्चमध्ये म्हणाले. मी सगळी कार्डं पुन्हा पंच केली. बोटं सुजली, प्रोग्राम त्याच जागी थांबला.

गुरुवारी एक गोष्ट ध्यानात आली. आधीच तयार झालेले जुने प्रोग्राम बिनबोभाट चालत होते. अडत होते फक्त नव्यानं यंत्राच्या भाषेत उतरवायचे. ते उतरवताना यंत्र आपलं अर्धंमुर्धं काम एका कच्च्या टेपवर लिहून ठेवी. यंत्राची रफ वहीच म्हणा ना. मी ऑपरेटरला, बेळगावकडच्या अण्णांना, ती टेप यंत्रावरून काढायला सांगितली. चक्राच्या पाठीमागची खाच रिकामी! त्या खाचेत प्लॅस्टिकची कडी बसवली तरच टेपवर लिहिता येई. शनिवारपर्यंत सगळ्या कड्या कपाटाशेजारी खिळ्याला टांगलेल्या असत.

"अण्णा, कडी कुठाय?"

"मालकाकडं. सोमवारपासून साहेबांचा नवा नियम नाही का? ज्याची टेप, त्यानं कडी सांभाळायची."

"मग बोलला का नाहीत?"

"साहेबांनी कार्डांत घोळ म्हटल्यावर मी कोण हो, स्वामी?"

"आणि ह्या टेपचा मालक कोण?"

अण्णांनी लेबल वाचलं. विभागप्रमुख! टेप सगळ्यांच्या वापराची, म्हणून सगळ्यांत मोठ्याच्या नावावर.

मी धावत साहेबांकडे गेलो. कडी आपल्या टेबलाच्या खणात सुरक्षित आहे असं सांगून त्यांनी लेखी अर्ज मागितला. विभागप्रमुख या नात्यानं तो शिफारशीसह मालकाकडे, म्हणजे स्वतःकडेच, पाठवला. मालक या नात्यानं त्यावर 'विचाराधीन' असा शेरा मारला. आणि जेवायला गेले. हा गृहस्थ घरी आरशाशीही पत्रव्यवहारच करत असावा.

शुक्रवारी डायरेक्टर फेरीवर आले. धारवाडकडचे, मराठी चांगलं समजणारे. साहेबांनी माझ्या बदलीचा टाइप केलेला कागद त्यांच्यापुढे धरला.

"कार्डं सदोष, सर. माणूसही."

मी मधेच तोंड घातलं. "सर, साहेबांच्या खणातली कडी मिळाली, तर आत्ता चालवून दाखवतो."

डायरेक्टरांनी साहेबांपुढे हात पसरला. खणाचं कुलूप निघालं. आतून निघालं लाखेनं बंद केलेलं पाकीट, वर लाल शाईत 'गोपनीय', आणि त्याच्या पोटात ती बांगडीसारखी पिवळी कडी! एवढ्या थाटात तर लोक कुलदैवताचा टाकही ठेवत नाहीत. अण्णांनी कडी खाचेत बसवली. मी तीच कार्डं भरली. पाचच मिनिटांत प्रिंटर खडखडू लागला आणि माझा प्रोग्राम शेवटच्या ओळीपर्यंत छापून बाहेर आला. साहेब टायची गाठ चाचपत छताकडे बघत राहिले.

डायरेक्टरांनी बदलीचा कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "मग आता गोदामात कोणाला पाठवायचं?"

आठवडाभर दाबून ठेवलेलं अण्णांच्या तोंडून एकदम सुटलं:

"ते खणाचं टेबलच धाडा की सर, मागं बसणाऱ्या माणसासकट!"