कुलपाचा प्रश्न

किल्ली घट्ट धरली की तळव्याला पितळेचा वास लागतो आणि मला शनिशिंगणापूरला दिलेली माझी आत्या आठवते. म्हातारपणी ती सुनांना एकमेकींच्या नावाने हाका मारायला लागली, म्हणून मी तिला नगरला डॉक्टरांकडे नेलं. वाटेत तिने दोन ग्लास उसाचा रस प्यायला. माझा ग्लास मात्र तसाच राहिला. दवाखान्यात स्पिरिटचा वास, समोर तरुण डॉक्टर आणि त्यांच्या हातात प्रश्नांचा कागद. “आजी, बाहेर जाताना घराला कुलूप लावायचं राहतं का?” “लावतच न्हाई.” डॉक्टरांनी गंभीरपणे कागदावर खूण केली. “कधीपासून?” “लगीन हून आले तवापासनं.” पेन थांबलं. “आवं डाक्टर, आमच्या गावात घरांना दारंच न्हाईत, कुलूप काय वाऱ्याला लावू? खोडा ती खूण!” डॉक्टरांनी हसत हसत ती खोडली आणि मला कितीतरी वेळाने धड श्वास घेता आला. आता मी तिच्या वयाची झाले आहे. गुडघे कुरकुरतात, तरी कुलूप लावलं का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर येते. तोच प्रश्न मला कुणी विचारला, तर सांगेन, विसरत नाही हो, उलट रोज तीनदा लावते.