ज्याची बातमी, त्याच्यासमोर

आमच्या साप्ताहिकाच्या संपादकांचा एक हट्ट होता. कुणाविरुद्ध बातमी लिहिली, की छापण्याआधी त्या माणसाकडे जाऊन ती मोठ्याने वाचून दाखवायची. "मागून सांगतात ती चहाडी," एवढंच ते म्हणायचे. कॅम्प पाचच्या सिंधी वस्तीतल्या एका दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं, "साईं, हो गया पढ़ के?" असं विचारलं आणि आमच्या नाकासमोर शटर ओढलं. आनंदनगरच्या एका कारखान्यातल्या साहेबांनी तर आम्हाला उन्हात गेटबाहेर उभं करून ऐकलं. मी वैतागायचो. संपादक मात्र शांतपणे सगळं वाचायचे, आणि त्यांच्या त्या हिमतीचं मला दर वेळी नव्याने नवल वाटायचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते निवृत्त झाले आणि मी संपादक झालो. थोड्याच दिवसांत अंबरनाथच्या एका वस्तीतल्या बायका रिकाम्या कळश्या घेऊन कार्यालयात आल्या. शेजारच्या इमारतीने नगरपालिकेच्या पाइपवर चोरून मोटर बसवली होती, त्यामुळे वस्तीतले नळ कोरडे पडले होते. इमारतीचा पत्ता मी दोनदा विचारून घेतला. तिथल्या सोसायटीचे अध्यक्ष आमचे जुने संपादकच होते.

मोटर डोळ्यांनी पाहून आलो, बातमी लिहिली. तशीच छापून टाकावी असं वाटलं, खोटं कशाला बोलू. ज्यांनी मला लिहायला शिकवलं, त्यांच्यापुढे हे वाचायचं कसं? आणि नाही वाचलं, तर त्यांच्या खुर्चीत बसायचं कुठल्या तोंडाने?

रविवारी सकाळी गेलो. "ये रे," म्हणाले. मी खिशातून कागद काढला मात्र, ते उठले, बनियनवर सदरा चढवला आणि समोर ताठ बसले. काकू आत पोहे करत होत्या, त्यांनाही बोलावलं. "संपादक आलेत. पोहे नंतर."

मी वाचलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. ते शेवटपर्यंत हलले नाहीत.

"एक राहिलंय," ते म्हणाले. "सोसायटीने मोटर बसवली, असं लिहिलंत. मीटिंगमध्ये दोघांनी विरोध केला होता. मी त्यांना गप्प बसवलं. तेही घाला."

"अहो, याला हे ठाऊकसुद्धा नव्हतं," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच सांगतोय."

एवढा मोठा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. कसंबसं ते वाक्य लिहिलं आणि कागद घडी करू लागलो.

"थांबा," ते म्हणाले. "आता सगळं पहिल्यापासून वाचा."